एकाच दाराचा ड्रेपरीवाला

लुंगी, वर फाटका गंजी आणि पायात कलाबतू लावलेली राजाची मोजडी. अशा वेषात सकाळी धारगळच्या हमरस्त्यावर पोदेराकडून पाव घेणारा माणूस कुणी पाहिला असेल, तर तोच तो. नाटकाचे कपडे आणि पडदे भाड्याने देण्याचा त्याचा धंदा. आमच्या गोव्यातल्या पेडण्यात आणि डिचोलीत देवाच्या जत्रेला गावची माणसे स्वतःच रंगमंचावर चढतात. त्यांना झगे, दाढ्या, तलवारी, सिंहासन असे सगळे पुरवणारा तो ड्रेपरीवाला. नवी मोजडी आली की आठवडाभर तो ती स्वतः घालून हिंडायचा. का, तर जत्रेत राजा झालेल्याच्या पायाला ती चावू नये.

"राजान दरबारात लंगडत येवचा?" असे तो पोदेरालाच विचारायचा. पोदेर बिचारा पाव मोजून पुढच्या घरी.

मी त्याचे पडदे रंगवत असे. राजवाडा, जंगल, तुरुंग, रस्ता. शाळा मी चौथीत सोडली, पण माझ्या हातचा राजवाडा पेडण्यापासून सत्तरीपर्यंत लागलेला आहे. त्यावर मी कधी नाव घातले नाही. ओळखणाऱ्याला हात ओळखू येतो, आणि न ओळखणाऱ्याला नाव वाचून काय कळणार? हे मुद्दाम लिहितो, कारण पुढे त्या राजवाड्यावरूनच आमचे वाजले.

लोक त्याला विक्षिप्त म्हणत. म्हणोत. राजाच्या झग्याला सगळेच अस्तर लावतात. हा भालदाराच्या झग्यालाही लावायचा. भालदाराला नाटकात काम काय? भाला धरून उभे राहायचे. मी एकदा म्हटले, "अरे, त्याच्या झग्याला आतून काय आहे हे कोण बघणार?"

"तो बघतलो," तो म्हणाला. "घालताना."

वाद घालायला त्याला आवडायचे नाही. समोरच्याचे सगळे ऐकून घ्यायचा, मान डोलवायचा, आणि शेवटी एकच वाक्य: "तुजा बरोबर. पण जातला माजा." म्हणजे तू म्हणतोस ते खरे, पण होणार मी म्हणतो तेच. हे वाक्य त्याने सरपंचाला ऐकवले, डॉक्टरला ऐकवले, देवळाच्या कमिटीला ऐकवले. बायकोला तर रोज.

मराठी की कोकणी, हे भाषेचे आंदोलन पेटले होते तेव्हाची गोष्ट. एका बाजूची पोरे आली, सभेला कनात पाहिजे. ती गेली नाहीत तोवर दुसऱ्या बाजूची आली, त्यांनाही कनात पाहिजे. दोन्ही बाजू दुकानात समोरासमोर, डोळे वटारून. मी ब्रश खाली ठेवून कोपऱ्यात सरकलो. हा उठला, दोघांना सारख्याच दोन कनाती दिल्या. "तुम्ही कोणच्या बाजूचे, ते आधी सांगा," एकजण गुरकावला. हा म्हणाला, "मी धोब्याच्या बाजूचो. घोषणा देताना घाम येता. कनात धुवन हाडून दी." दोन्ही बाजू हसल्या. कनाती मात्र एकीनेही धुतल्या नाहीत. पुढे गोव्याचे राज्य झाले, पाट्या बदलल्या, ह्याच्या दुकानाची पाटी तीच राहिली: शेवंती ड्रेपरी. शेवंती म्हणजे त्याची आई.

आता दाराचे सांगतो.

त्याचे घर आणि दुकान एकच. पुढे हॉल, त्यातच दुकान, मागे खोल्या आणि स्वयंपाकघर. स्वयंपाकघराला मागे दार होते ते त्याने स्वतःच्या हाताने चिरे रचून बुजवले. गिलावाही केला नाही. लाल चिरे तसेच दिसायचे. परिणाम असा की त्या घरात जे काही आत यायचे आणि बाहेर जायचे ते पुढूनच. गिऱ्हाईक येणार पुढून, जळणाची फाटी येणार पुढून, पाण्याची कळशी पुढून. पेडण्याचा मामलेदार कदेलीवर, म्हणजे खुर्चीवर, बसून मुलाच्या नाटकासाठी मुकुट बघतोय, आणि त्याच्या नाकासमोरून वहिनी, म्हणजे ह्याची बायको, मासे धुतलेल्या पाण्याची बालदी घेऊन जातेय, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. मामलेदाराने पाय वर घेतले.

वहिनी थांबून त्याला म्हणाली, "बसा, बसा. आमच्याकडे राजाचा पण ह्याच दारान आणि बांगड्याचा पण ह्याच दारान. माझ्या घोवाक सांगा काय ता."

नवरा खाली मान घालून झग्याला बटण लावत बसलेला. उत्तर ठरलेले. वहिनीने आयुष्यभर त्या भिंतीला शिव्या दिल्या. "सासू गेली आणि ह्यांनी दार बुजवला," असे ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची, जणू सासू त्या दारानेच परत येईल अशी ह्याला भीती होती.

कारण त्याने मला एकदाच सांगितले. चवथीच्या आदल्या दिवशी आम्ही गणपतीवर माटोळी बांधत होतो. लाकडी चौकट टांगून तिला रानातली फळे बांधायची, कवंडळे, आंबाडे, तोरंजन, हिरव्या सुपारीचा घोस. तो स्टुलावर उभा, मी खालून फळे देत होतो. बांधता बांधता बोलला. त्याचे आईबाप भाटकाराचे मुंडकार, म्हणजे भाटकाराच्या जमिनीवर झोपडी बांधून राहायचे आणि त्याच्या हाकेला धावायचे. भाटकाराची माटोळी सगळ्या गावात मोठी. तिची फळे आणायची ह्याची आई. चार दिवस रान तुडवायची, हा झाडावर चढायचा. टोपली भरली की मागल्या दाराने नेऊन द्यायची, मागल्या दाराने परत. माटोळी पुढच्या हॉलात.

"एका वर्सा मी पुढल्यान गेलंय," तो म्हणाला. "बघूक. कवंडळ मी काढलला, ता खंय बांधला ता बघूक. कोणी मारूक ना. नुसता म्हणाले, मागल्यान ये रे, तुका थंय करंज्यो दितत. दिल्यो पण. बऱ्यो होत्यो."

सुतळीची गाठ मारली, ओढून बघितली.

"आवय मरान गेली. जल्मभर फळां दिली, माटोळी बघूक ना."

मी खालून सुपारीचा घोस वर दिला. त्याच्या घराची माटोळी दारात उभे राहिले की पहिली दिसते, हे मी त्यानंतर पाहिले. रस्त्यावरूनही दिसते.

वेबसाईट त्याच्या सुनेने आणली. कंप्युटर शिकलेली मुलगी, म्हापशाची. तिने पणजीच्या एका कंपनीकडून ती करून घेतली. शेवंतीड्रेपरी डॉट कॉम. ह्याला आधी पटेना, मग सून म्हणाली की जगात ह्या नावाचा पत्ता एकच असतो, दुसऱ्या कुणाला तो मिळत नाही. हे ऐकल्यावर त्याने मला बोलावून टेम्पोच्या दोन्ही अंगांना तो पत्ता हातभर उंच अक्षरांत रंगवायला लावला. अक्षरे इंग्रजी. मला अक्षर म्हणजे आकार, मी रंगवली. कुणी नावे ठेवावी अशी एक रेघ नव्हती.

आणि साईट होतीही देखणी. उघडली की पहिल्यांदा माझा राजवाड्याचा पडदा दिसायचा. सनई वाजायची, पडदा मधोमध दुभंगायचा, आत मुकुट घातलेला ड्रेपरीवाला. मग झग्यांचे फोटो, आणि कुठल्या गावात आज कुठले नाटक आहे त्याची माहिती. सुनेने मला ते दाखवले तेव्हा मी तिला तीनदा पडदा उघडायला लावला.

एक-दोन वर्षांत लोक फोनवर साईट बघू लागले. तेव्हा बोटाने सरकवायचे फोन थोड्यांकडे, बाकी सगळे बटणांचे. त्यांच्यावर आमचा पडदा उघडेना. मग पणजीच्या कंपनीचा माणूस आला, तरुण, इस्त्रीचा शर्ट. हा मांडीवर ऋषीची दाढी घेऊन विंचरत होता. सून बाजूला, मी खिडकीत.

"काका," तो माणूस म्हणाला, "ही साईट कंप्युटरसाठी. मोबाईलसाठी वेगळी छोटी करायची. तिला पत्ता वेगळा लागतो, तो तुम्ही निवडायचा. एक तर तुमच्या नावाच्या आधी एम घालायचा आणि टिंब. नाही तर नावाच्या शेवटी तिरकी रेघ मारून मोबाईल असे लिहायचे. नाही तर डॉट कॉमच्या जागी डॉट मोबी, पण ते नाव वेगळे घ्यावे लागेल. सगळे एमच घेतात. मी म्हणेन एम घ्या."

"ह्या एमान गेल्यार मनीस खंय पोचता?"

"छोट्या साईटवर."

"थंय काय आसा?"

"तारखा आणि फोन नंबर. बस. त्यांना बाकीचे काय करायचेय?"

"त्यांका म्हणजे कोणाक?"

"मोबाईलवाल्यांना हो. आता बघा, रस्त्याच्या कामावरची माणसे, बसचे कंडक्टर, मासळीवाल्या, असे उभ्या उभ्या बघणारे. कंप्युटरवाला निवांत बसून बघतो, त्याला फोटो, संगीत, पडदा, सगळे पुढच्या पानावर आहेच. दोघांची सोय झाली."

दाढी विंचरायची थांबली. हा उठला. "तुमी जरा आत येवा," म्हणाला, आणि त्या माणसाला हाताला धरून स्वयंपाकघरात घेऊन गेला. वहिनी नारळ खवत होती, ती विळीसकट बाजूला सरकली. ह्याने बुजवलेल्या दाराच्या चिऱ्यांवर थाप मारली.

"बघितलात? आमच्याकडे मागला दार ना."

तो माणूस चिऱ्यांकडे बघतोय, सुनेकडे बघतोय. सून म्हणाली, "बाबा, दाराचं काय ह्यात? हा नुसता पत्ता आहे."

"पत्तो घेवन मनीस खंय येता गो? दारातच मा? कंप्युटरवालो पुढल्यान आणि मासळीवाली एमान? आणि नाव कोणाचा? शेवंतीचा."

"काका, तसं नाही. सगळं जग असंच करतं. फोनला एवढं ओझं पेलत नाही, हे खरंच आहे. लोक कंटाळून जातील."

"तुजा बरोबर," तो म्हणाला. वहिनीने नारळ खवता खवता उरलेले वाक्य पुरे केले.

लोक खरेच गेले. जत्रांचे दिवस आले. मये गावची नाटकमंडळी दर वर्षी आमचेच कपडे न्यायची, त्यांचा मुख्य माणूस बसथांब्यावर उभा राहून फोन चाळत होता, आमची साईट गोल गोल फिरत राहिली. बांद्याकडच्या एका ड्रेपरीवाल्याने एम लावलेला होता, त्याची पटकन उघडली. मयेवाल्यांनी तिथे तारीख देऊन टाकली. कळले तेव्हा हा त्याच मोजडीत बसने मयेला गेला. संध्याकाळी परत आला.

"काय झाले?" मी विचारले.

"चाय दिली. तारीख ना."

"मग लाव तो एम. काय बिघडते?"

त्याने माझ्याकडे असे बघितले की मी पुन्हा तो शब्द काढला नाही. सून रडकुंडीला आली होती. तिची मेहनत त्यात होती. ती म्हणाली, "बाबा, आज मये गेलं, उद्या दुसरा गाव जाईल. धंदा बंद पडला तर पुढचं दार उघडं ठेवून काय करायचं?"

हा उठून तिच्या कंप्युटरसमोर जाऊन उभा राहिला. मग म्हणाला, "जड कित्याक जाता ता सांग."

"तो पडदा, बाबा. पडदा आणि सनई. मग तुमचा फोटो. मग झग्यांचे एवढे मोठे मोठे फोटो."

दुसऱ्या दिवशी तो माझ्या मांगरात, म्हणजे मी पडदे रंगवतो त्या खोपीत, आला. कधी यायचा नाही, माणूस पाठवायचा. दारातच उभा राहिला. "पेंटर, तुजो पडदो काढतंय."

"फोनवाल्यांसाठी काढ," मी म्हटले. "कंप्युटरवाल्यांना राहू दे."

"ना. काढलो तर सगळ्यांक काढलो. एकाक दाखवन दुसऱ्याक दाखवचो ना, असो पडदो माका नाका."

माझे डोके फिरले. राजवाडा मी सव्वा महिना रंगवत होतो. तो सगळ्या जगात पोचला होता, माझा दुबईचा भाचा तिथे बसून बघायचा. मी म्हटले, "मग एक काम कर, सगळ्यांनाच लंगोटीवर बसव! तुझ्या आईला माटोळी दिसली नाही म्हणून आता कुणालाच दाखवू नकोस!"

हे मी बोललो, आणि आजही म्हणतो, रागाच्या भरात का होईना, चुकीचे बोललो नाही. तो गेला. मी त्याच्या दुकानाकडे फिरकलो नाही. ब्रश माझा आहे, धारगळला रंगवायला भिंतींचा तोटा नाही.

एके दिवशी बसने पेडण्याला निघालो होतो. त्याच्या घरासमोर बस हळू झाली आणि अख्खी बस खिडक्यांकडे वळली. ह्याने माझा राजवाडा घराच्या दर्शनी भिंतीवर, छपरापासून खालपर्यंत टांगला होता. मधोमध दोन भाग करून बाजूला बांधलेले, आणि मध्ये त्याचे दार उघडे. मी बस थांबवून उतरलो.

"उन्हात रंग जाईल रे मेल्या! खाणीच्या ट्रकांची धूळ बसेल! दोन महिन्यांत फडके होईल त्याचे!"

तो पायरीवर बसून मोजडीला तेल लावत होता. "हंय सगळ्यांक दिसता," म्हणाला. "फोन नको, कंप्युटर नको. बसवालो बघता, ट्रकवालो बघता, चलत जाणारोय बघता."

"आणि रंग गेला की?"

"मगे परत रंगव. तू मरूक नाय मा अजून?"

वहिनीने आतून चहा आणला. प्यालो.

साईट मग पांढरी फटक झाली. पत्ता तोच, आधी काही नाही, नंतर काही नाही. पडदा नाही, सनई नाही, त्याचा मुकुटातला फोटोही नाही. गावे, तारखा, नाटकांची नावे, झग्यांचे नखाएवढे फोटो. मंत्र्याने उघडली तरी तेवढीच, कामगाराने उघडली तरी तेवढीच. पणजीहून कुणी नाटकातले मोठे गृहस्थ फोनवर म्हणाले, "तुमची साईट फार गरीब दिसते हो." हा म्हणाला, "उगडता मा?" ते म्हणाले, "उघडते." "मगे बसा आणि बघा."

रस्त्याच्या कामावर बेळगावकडची पोरे होती, पलीकडे पत्र्याच्या खोल्यांत राहायची. एके संध्याकाळी त्यातला एकजण बटणांचा फोन घेऊन दुकानात आला. "मालक, उघडलं बघा. आज शिरगावला नाटक आहे म्हणतंय. खरं काय?" ह्याने उठून त्याला कदेल दिली. म्हणाला, "खरा. टेम्पो आताच जाता. चल, बस." तो आणि त्याचे दोन सोबती सिंहासनाशेजारी बसून शिरगावला गेले.

मयेवाले मात्र परत आले नाहीत. ते त्याला शेवटपर्यंत लागले. बोलायचा नाही, पण मयेची बस समोरून गेली की मान वर करून बघायचा.

तो गेला तेव्हा त्याला पुढच्या दाराने बाहेर काढले. दुसरे होते कुठे! पायात मोजडी घालावी असे मी म्हटले, भटाने ऐकले नाही.

महिना-दीड महिन्याने त्याच्या मुलाने नवा टेम्पो आणला आणि पत्ता रंगवायला मला बोलावले. मी डबे उघडून अंगणात बसलो. आत हॉलात पणजीच्या कंपनीचा तोच इस्त्रीच्या शर्टवाला बसलेला, दार उघडे, सगळे ऐकू येत होते.

"काका होते तोवर ठीक होते," तो मुलाला सांगत होता. "आता मोबाईलची वेगळी करूया. कंप्युटरवर पडदा, संगीत, काकांचा फोटो, सगळे परत लावू. फोनसाठी एम. टेम्पोवर दोन्ही पत्ते घाला."

मुलगा ऑफिसात नोकरी करणारा, सरळ माणूस. म्हणाला, "मलाही तेच बरं वाटतं." मग आत हाक मारून, "आई, गवंडी सांगितलाय. मागचं दारही फोडून घेऊया आता. तुझे हाल पुरे झाले." सून कंप्युटरसमोर बसलेली. माझा ब्रश तसाच हातात.

वहिनी बाहेर आली ती मासे धुतलेल्या पाण्याची बालदी घेऊन. त्या हॉलातून, त्या माणसाच्या समोरून. त्याने पाय वर घेतले. ती थांबली.

"दार फोडूचा ना," मुलाला म्हणाली. "आणि पत्तो आसा तसो ऱ्हवतलो."

"आई, अगं तूच जन्मभर त्या भिंतीला..."

"शिव्या माज्या आणि भिंत पण माजी."

इस्त्रीवाला गोड आवाजात म्हणाला, "काकी, तुम्ही समजून घ्या. तुमच्याच फायद्याचं सांगतोय."

वहिनीने बालदी दुसऱ्या हातात घेतली. "तुजा बरोबर," म्हणाली. पुढचे वाक्य ह्या वेळी सुनेने पुरे केले.

वहिनी अंगणात आली, माडाच्या बुंध्याशी पाणी ओतले आणि माझ्याकडे वळली. "तू कसली वाट बघतंस? रंगव."

मी रंगवला. दर वेळी मी दोन्हीकडे हातभर पत्रा मोकळा सोडतो, अक्षरे मधोमध बसली की शोभतात. त्या दिवशी सोडला नाही. पहिले अक्षर टेम्पोच्या अगदी कडेला लावले, एवढे कडेला की त्याच्या आधी एम सोडाच, नुसते टिंब घालायचे म्हटले तरी ते हवेत घालावे लागेल.